मेलेली तार

वीजकंपनीची गाडी फाटकातून आत वळली, तिच्यातून वासिल उतरला आणि युस्तिनाच्या हातातली सुरी अर्ध्या सोललेल्या बटाट्यावर थांबली.

कंपनीकडे वायरमन काय थोडे होते? पण आला तो वासिलच.

ऑक्टोबर नुकता लागला होता. पॉप्लरची पानं अजून गळायची होती आणि त्या भरल्या अंगाच्या झाडांवर परवापासून ओला, जड बर्फ कोसळत होता. फांद्या कडाडून मोडल्या, तारांवर आडव्या झाल्या. मॅनिटोबाच्या या कोपऱ्यात दोन दिवस कुणाच्या घरी दिवा नव्हता. युस्तिनानं खिडक्यांना रजया लावल्या, कोंबड्या तळघरात आणल्या, आणि नवरा मागे ठेवून गेला तो जनरेटर गोठ्याच्या आडोशाला चालू केला. विजेची शेगडी, पंप, एक बल्ब. चार वर्षांपूर्वीच्या वादळातही या जनरेटरनंच घर तगवलं होतं.

"तेता, जिवंत आहेस ना?" बूट आपटत वासिल आत आला. शाळेत असल्यापासून तो तिला अशीच मावशीची हाक मारायचा.

"आहे. तुझ्या वाईटावर."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

"बस. दोन घास खा."

उंबऱ्याच्या आत आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, ही तिच्या आईनं युक्रेनहून आणलेली रीत. वैरी असला तरी. तिनं बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या वाढल्या, वर लोण्यात परतलेला कांदा.

"मीठ जास्त पडलंय की विष?" भरल्या तोंडानं त्यानं विचारलं.

"विष महाग झालंय. मीठच आहे."

याच टेबलाशी तो आणि तिचा लेक झेनन मांडीला मांडी लावून जेवले, वाढले. दोघं एकाच दिवशी वायरमन झाले. चार वर्षांपूर्वी, अशाच अवेळी आलेल्या बर्फात, झेननने ही लाइन मागून घेतली. आईकडे आधी दिवा लागू दे, म्हणाला. रस्त्याच्या वळणावरच्या खांबाखाली वासिल उभा होता. "तार मेलेली आहे, वीज नाही, चढ," असं त्यानं सांगितलं. झेनन चढला. तार जिवंत होती.

त्या दुपारी युस्तिना कोबीचे रोल तिसऱ्यांदा शेगडीवर ठेवत होती, पोरानं गार खाऊ नये म्हणून. बातमी घेऊन वासिलच आला. तिच्याकडे न बघता सरळ कोठीत गेला आणि कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तोंड दाखवायची लाज, असं तिला वाटलं.

चौकशीत तो एवढंच म्हणाला, "चूक माझी." कशी, का, एक शब्द नाही. त्याचं मुकादमपण गेलं. तिला ते पुरलं नाही. पाळण्यातल्या लेकराला जोजवावं तसा तिनं तो राग जोजवला. न्हाऊ घातला, निजवला, पुन्हा उठवला.

त्याच हिवाळ्यात कंपनीची माणसं घरोघर फिरली. मेन स्विचवर लाल पट्टी चिकटवून गेली: जनरेटर लावण्याआधी हा खटका खाली पाडा, नाहीतर घरातली वीज उलटी तारेवर चढते आणि खांबावरच्या माणसाला मारते. कोठीत जाता-येता युस्तिना ती पट्टी वाचायची. खांबावरचा माणूस म्हटलं की तिला एकच चेहरा दिसायचा. समोर बसून करंज्या खाणारा.

"खटका खाली आहे ना, तेता?"

"डोळे आहेत ना तुला? बघून घे."

तो कोठीत जाऊन आला. "आहे. शहाणी माझी मावशी. गोठ्यामागच्या खांबावर फांदी पडलीय. अर्ध्या तासात दिवा लागेल बघ."

"एकटाच चढणार?"

"जोडीदार पुलापाशी अडकलाय. माणसं कुठायत?" दाराशी तो घुटमळला. "तेता, झेनन त्या दिवशी..."

"त्याचं नाव तुझ्या तोंडात नको."

त्यानं टोपी कानावर ओढली आणि गेला.

खिडकीवरची रजई बोटभर सारून ती बघत राहिली. नारिंगी जाकीट खांबाशी वाकलं, लांब काठी तारेपर्यंत नेऊन कितीतरी वेळ खटपट करत राहिलं. मग वर चढू लागलं. बर्फाच्या पडद्याआड एक केशरी ठिपका, वर, आणखी वर. टोकाला पोचला. थांबला.

युस्तिना कोठीत गेली. तिनं खटका वर ढकलला.

बाहेर जनरेटर एकदा गुरगुरला आणि बंद पडला. बल्ब विझला. एवढी शांतता, की बर्फ पडताना ऐकू यावा.

ती खिडकीशी गेली नाही. "झालं रे, झेनन," ती म्हणाली आणि वासिलची ताटली विसळायला घेतली.

ताटली पुसून होईतो ओसरीवर बूट वाजले.

वासिल दारात उभा होता. भिजलेला, पांढराफटक, धडधाकट. हातात तांब्याची साखळी.

"अर्थिंगची," तो म्हणाला. "तारेत वीज आली तर ही ती जमिनीत उतरवते. आता ही तारेला बांधल्याशिवाय मी चढत नाही. चार वर्षांत एकदाही चुकलो नाही."

"जा," युस्तिना म्हणाली. "सांग पोलिसांना. मी नाही म्हणणार नाही. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करीन."

तो तिच्या बाजूनं कोठीत गेला आणि निजलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढावं, तसा खटका हलकेच खाली ओढला.

"मी कुणाला सांगणार नाही, तेता," भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला. "झेनन गेला त्या दिवशीही हा खटका वरच होता. तेव्हा तरी कुठं सांगितलं?"