लाटांवर झोपणारी स्वरूपा

"पोरीला समिंदराच्या असल्या आवाजावर निजवू नगंस. त्यो तिला वळखाया लागंल," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले होते.

पुण्याजवळ मोशीतल्या फ्लॅटमधून मी वादळी लाटांवर संशोधन करते. रत्नागिरीजवळ समुद्रात ठेवलेल्या आमच्या यंत्रातून लाटांचा आवाज थेट लॅपटॉपवर येतो. त्यावरच दीड वर्षाची स्वरूपा रोज झोपायची.

आज दुपारी ती रडत उठली. तोंड उघडं, गाल ओले, पण आवाजच नाही. मी तिला घट्ट छातीशी धरलं.

तेवढ्यात लॅपटॉपमधून, लाटांच्या मागून, तिचं रडणं ऐकू आलं. "आई," तिकडून हाक आली.

आता कुशीतली माझ्याकडे बघून हसतेय. तिकडची अजून रडतेय, आणि वादळाची भरती चढतेय.

रत्नागिरीजवळ कुणी असाल तर किनाऱ्यावर जाऊन बघा ना, माझी स्वरूपा तिथे आहे का?