युग संपलं, दहा वाजता

"आजपासून जुन्या इंजिनाचं युग संपलं!" व्हॅन बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य इंजिनिअर साहेबांनी आरशासमोर हात उंचावून जाहीर केलं.

"संपलं असेल तर तो ओला टॉवेल वाळत घाला," आतून बायको म्हणाली.

दहा वाजता हेच भाषण संचालकांसमोर करायचं होतं. ते तीस वर्षांचं म्हातारं इंजिन आज कायमचं बंद करवून घ्यायचंच, असा साहेबांनी चंग बांधला होता. म्हणून मुद्दाम नव्या इंजिनाची व्हॅन घेऊन ते निघाले. अर्ध्या वाटेत, भर चौकात ती थांबली आणि समोरच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'कृपया कंपनीशी संपर्क साधा.'

"अगं, कंपनी म्हणजे मीच!" साहेब तिच्यावर खेकसले.

वीस मिनिटांत कंपनीचीच दुरुस्तीची व्हॅन खडखडत हजर झाली. आवाजावरूनच कळत होतं, इंजिन तेच, जुनं.

"मिस्त्री, तुम्हीसुद्धा हाच खटारा वापरता?"

"साहेब, बंद पडलेल्यांकडे जायचं, तर आपण बंद पडून कसं चालेल? याची सगळी दुखणी आम्हाला तोंडपाठ आहेत."

"आणि नव्याची?"

"ती अजून त्याची त्यालाच माहीत नाहीत."

दहाला दहा मिनिटं कमी होती. भाषणाचा कागद खिशात कोंबून साहेब मुकाट्यानं मिस्त्रींच्या शेजारी जाऊन बसले.

 

"मिस्त्री," कंपनी दिसू लागताच ते हळूच म्हणाले, "मला तेवढं फाटकाच्या जरा अलीकडे उतरवाल का?"