आवाजाची तक्रार

"हे टेबल नको," रुचिता म्हणाली. "आम्ही तिकडे बसतो." तिनं किचनच्या दाराकडे बोट केलं.

महेंद्रचा चेहरा उतरला. हॉटेलातलं सगळ्यात शांत टेबल त्यानं या लोकांसाठी सकाळपासून अडवून ठेवलं होतं.

"मॅडम, तिथे वेटरची ये-जा असते. भांड्यांचा आवाज येतो सारखा."

"चालेल," तिचा नवरा प्रीतम म्हणाला आणि त्यानं सान्वीला तिथल्या खुर्चीत बसवलंसुद्धा. मागून त्याची आई, कलावतीबाई, केकचा खोका सांभाळत आल्या.

टेंभी नाक्याजवळच्या या हॉटेलात महेंद्रनं बावीस वर्षं काढली होती. दोन महिने बंद ठेवून शेटनी ते नवं करून घेतलं. जाड पडदे गेले, लाकडी टेबलं गेली. काच आली, चकाचक टाइल्स आल्या. त्यांच्याबरोबर आवाजही आला. साधा चमचा पडला तरी सगळ्या हॉलभर घुमायचा. चार दिवसांत तीन गिऱ्हाइकांनी मोबाईलवर एकेकच स्टार देऊन लिहिलं होतं, जेवण छान, पण गोंगाटानं डोकं उठलं.

"आणखी एक आवाजाची तक्रार आली ना महेंद्र," शेट काल म्हणाले होते, "तर काउंटरला मला दुसरा माणूस बघावा लागेल."

म्हणून तर काल रात्री प्रीतमचा फोन आला तेव्हा महेंद्रनं छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रीतमनं विचारलेलं, "मुलीचा चौथा वाढदिवस आहे. दुपारी जेवायला येऊ. तुमच्याकडे गडबड असते का हो?"

"अजिबात नाही साहेब. एकदम शांत."

"बरं," असं जरा हिरमुसूनच म्हणत प्रीतमनं फोन ठेवला होता.

आता महेंद्र स्वतः ऑर्डर घ्यायला गेला. सान्वीनं फुलाफुलांची कापडी टोपी घातली होती आणि ती मसाला पापडावरचे टोमॅटोचे तुकडे एकेक करून वेचत होती.

"हॅपी बर्थडे, बेटा!" तो म्हणाला.

तिनं मान वर केली नाही.

"लाजते वाटतं."

"तिचं असंच आहे," कलावतीबाई पुटपुटल्या आणि पाण्याचा ग्लास उगाचच इकडचा तिकडे केला.

नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं होतं, हे महेंद्रला दुरूनच कळलं. ताटातलं अन्न दोघं नुसतं चिवडत होते. आत कुकरची शिट्टी झाली, की रुचिता मुलीकडे बघायची आणि मग नजर खाली घालायची. तो पाण्याचा जग घेऊन जवळ गेला, तेव्हा प्रीतम हळू आवाजात समजावत होता.

"आजच्या आज व्हायला पाहिजे असं थोडीच आहे? वेळ लागेल म्हणालेत ना ते."

"माहितीये मला. पण वाढदिवस आहे रे तिचा. मला वाटलेलं, आज तरी..."

मुलीला हवी ती भेट मिळाली नसावी, असं महेंद्रनं मनाशी ठरवलं. काहीतरी करून या लोकांना खूश करायलाच हवं होतं. केक कापायच्या वेळी त्यानं तिघा वेटरना बोलावलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवत गाणं म्हटलं. सान्वी मेणबत्तीकडे बघून हसत होती. तिच्या आईवडिलांनी मात्र केककडे पाहिलंच नाही. गाणं संपलं आणि रुचितानं पदरानं डोळे टिपले.

बोंबला, महेंद्र मनात म्हणाला.

दीडच्या सुमाराला एसीवाला धनेश मिस्त्री खांद्यावर पिशवी टाकून आत आला आणि थेट पोटमाळ्याचा जिना चढू लागला. महेंद्रनं त्याला अर्ध्या वाटेत गाठलं.

"अरे, आत्ता कुठे? माणसं जेवतायत. चारनंतर ये."

"चारला मला शीळफाट्याला पोचायचंय, दादा. फक्त माप घेतो."

महेंद्र काउंटरवर येऊन टेकतो न टेकतो, तोच वर ड्रिल सुरू झालं.

भिंत थरथरली. काचा घणघणल्या. हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. कोणीतरी ओरडलं, "ओ मॅनेजर!" आणि किचनच्या दाराजवळच्या त्या टेबलावर सान्वीच्या हातातला चमचा गळून पडला. तिनं दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले, तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला.

रुचिता ताडकन उठली. तिची खुर्ची मागे कलंडली.

महेंद्र दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. "बंद कर! माप घेतो म्हणालास ना? बंद कर आधी ते!" ड्रिल थांबलं. तो तसाच खाली धावला. बावीस वर्षं एका भोकापायी गेली. आता त्या पोरीचा बाप शेटना फोन लावणार.

ते तिघंही सान्वीभोवती वाकले होते. पोरगी अजून हुंदके देत होती.

"साहेब, माझी चूक झाली," महेंद्रनं हात जोडले. "लेकरू घाबरलं. आजचं बिल देऊ नका, मी बघतो ते. पण शेटना प्लीज..."

प्रीतमनं त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. त्याचे डोळे भरून वाहत होते.

"ते मशीन," तो कसाबसा म्हणाला, "परत एकदा लावायला सांगता? जरा लांबून. एकदाच."

महेंद्रला काही उमजेना. त्यानं कलावतीबाईंकडे पाहिलं. रडता रडता त्या हसत होत्या.

"अहो, जन्मली तशी बहिरी हो पोर," त्या म्हणाल्या. "आज सकाळीच डॉक्टरांनी टोपीखालचं कानाचं यंत्र चालू केलंय, आणि आत्ता पहिल्यांदा तिला ऐकू आलं."