परिचयपत्रकातली माणसं

तळजाईच्या टेकडीवर धुकं इतकं दाट होतं, की पुढे चालणाऱ्या श्यामलाताई श्रीधररावांना कधी दिसत होत्या, तर कधी नुसत्या ऐकू येत होत्या. खालचं पुणं दुलई ओढून झोपलं होतं. कुठेतरी मोर ओरडला. दोघंही थांबली आणि दोघांनीही, आपापल्या पत्रकाला शोभेल अशा चेहऱ्याने, "वा!" म्हटलं.

पत्रक म्हणजे ज्येष्ठांच्या विवाहमंडळात द्यायचं परिचयपत्रक. श्रीधररावांचं त्यांच्या मुलाने, केदारने लिहिलं होतं. श्यामलाताईंचं त्यांच्या मुलीने, तनयाने. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली होती. मंडळाच्या मेळाव्यात चहाच्या वेळी दोघांचं छान जमलं. आजची ही दुसरी भेट, आणि आज काय ते ठरवून या, असं मुलांनी दोघांनाही बजावलं होतं. दोन्ही पत्रकांत 'निसर्गप्रेमी' असं होतं, त्यामुळे भेटायचं कुठे हा प्रश्नच उरला नाही.

श्रीधररावांचे नवे बूट चावत होते. गुडघा वेगळाच बोलत होता. पण पुढे एक निसर्गप्रेमी बाई चालत असताना वाटेत बसकण मारणार कशी? तिकडे श्यामलाताई दर थोड्या अंतरावर एखाद्या झाडाच्या खोडावर हात ठेवून वर फांद्यांकडे बघत राहत होत्या. श्रीधररावांना ते झाडांचं कौतुक वाटत होतं. खरं तर बाईंना दम लागला होता.

या पत्रकांची एक गंमत असते. त्यात सगळीच माणसं हसतमुख, सगळी मनमिळाऊ, सगळ्यांची घरं प्रशस्त आणि जबाबदाऱ्या संपलेल्या. खोटं म्हणाल तर त्यात एक अक्षर सापडायचं नाही. खरं म्हणाल तर तेही हाताला लागत नाही.

श्यामलाताईंना माणूस आवडला होता. मेळाव्यात श्रीधररावांचं बिस्कीट चहात पडलं, तेव्हा कुणी बघतंय का याची फिकीर न करता त्यांनी ते चमच्याने शांतपणे काढून खाल्लं होतं. आवडले होते ते तेव्हाच. भीती वाटत होती ती पत्रकातल्या माणसाची. संगीताची जाण, वाचनाचा व्यासंग, वर डोंगरदऱ्यांची ओढ. एवढ्या सगळ्याला आपण या वयात पुरे कशा पडणार? 'नाही' म्हणून सांगायचं त्यांनी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. मागून लंगडत येणाऱ्या श्रीधररावांच्या मनातही नेमकं तेच चाललं होतं.

धुक्यातून अचानक एक दगडी बाक पुढे आला. दोघंही त्यावर जरा जास्तच घाईने बसली.

झाडांवरून थेंब गळत होते. मग श्रीधररावांनी विचारलं, "आपण रोज येता का टेकडीवर?"

"शाळेच्या सहलीला आले होते," श्यामलाताई म्हणाल्या. "त्यानंतर आजच. मला वाटलं, आपल्याला आवडतं."

श्रीधरराव खाली वाकले आणि एका बुटाची नाडी सोडू लागले. म्हणाले, "मला वाटलं, आपल्याला."

मग पत्रकातला एकेक शब्द उतरत गेला. श्रीधररावांचा निसर्ग म्हणजे गॅलरीतली एक कोरफड. पाणी घालायचं विसरलं तरी चालतं, म्हणून ती जगली होती. संगीत म्हणजे दाढी करताना चालू असलेला रेडिओ. आणि 'मोकळ्या विचारांचे' म्हणजे घरात वाद निघाला की 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून ते दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. श्यामलाताईंचा 'अध्यात्माकडे कल' होता तो शेजारणीच्या आग्रहामुळे. कीर्तनात त्यांना जितकी गाढ झोप लागे तितकी धायरीतल्या स्वतःच्या घरी कधीच लागत नसे. हसतमुख तर त्या फोटोपुरत्याच होत्या, फोटोग्राफरने दोनदा सांगितलं म्हणून. आता मात्र त्यांना हसू आवरत नव्हतं. त्या ओल्या पांढऱ्या पोकळीत, जगात दुसरं कुणी नसल्यासारखी ती दोघं बसली होती आणि दोघांनाही फार हलकं वाटत होतं.

"एक राहिलं," श्रीधरराव म्हणाले. "आपल्या पत्रकात लिहिलंय, अपेक्षा काही नाहीत."

श्यामलाताईंचं हसू ओसरलं. समोरच्या धुक्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ते साफ खोटं आहे. संध्याकाळी दिवे लागले की घर खायला उठतं. मी दोन खोल्यांत दोन टीव्ही लावते, मोठ्याने. कुणीतरी आतून ओरडावं, आवाज कमी करा म्हणून. एवढीच अपेक्षा आहे."

श्रीधररावांनी नाडी सुटलेला बूट पायातून काढला. केदार असता तर त्याने यावर एखादा चांगला शब्द शोधला असता.

तेवढ्यात श्यामलाताईंच्या पर्समधला फोन वाजू लागला. तनयाचा असणार, काय ठरलं ते विचारायला. साऱ्या टेकडीला ऐकू जावी एवढ्या मोठ्या आवाजात घंटी घुमली. वरच्या फांदीवरचे पोपट एकदम उडाले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

श्रीधरराव दुसऱ्या बुटाची नाडी सोडत होते. मान वर न करताच ते म्हणाले,

"अहो, तो आवाज जरा कमी करा."

श्यामलाताईंनी फोन तसाच वाजू दिला. त्यांना ते आणखी एकदा ऐकायचं होतं.