सोनेरी चौकटीतला ठराव

मिसिसिपीतल्या आमच्या काळ्यांच्या चर्चमध्ये अंत्यविधीला संस्थांकडून आलेले मृताच्या गौरवाचे ठराव मोठ्याने वाचतात आणि घरच्यांनी उभं राहून ते स्वीकारायचे असतात. आई उघड्या शवपेटीत होती; झाकण एकदा लागलं की पुन्हा उघडत नाहीत. तिने चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, काळ्या शिक्षकांवर पुस्तक लिहिलं. गेल्या वर्षी शाळामंडळाने ते ग्रंथालयातून हटवलं. आज त्याच मंडळाचे गोरे अध्यक्ष सोनेरी चौकटीतला ठराव घेऊन आले, सोबत फोटोग्राफर. चर्चमध्ये ठराव वाचणाऱ्या ओडेसा मावशींनी तो वाचला, “यांच्या लेखणीने आमची मुलं घडली.” मागून कुणीतरी म्हणालं, “चोरून वाचत असतील, बाई!” लोक हसले. मी उठले नाही. अध्यक्ष वाकून पुटपुटले, “मॅडम, फोटोपुरतं तरी उभ्या राहा. पेटीपाशी चांगला येईल.” मी उठले आणि शवपेटीजवळ उभ्या, अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या रूफस काकांना म्हटलं, “काका, झाकण लावा.” आईचं शेवटचं दर्शन घ्यायची माझी पाळी अजून यायची होती.