उसवलेला स्वेटर

नवऱ्याचा स्वेटर कपाटात नुसता जागा अडवून बसला होता. शेवटी काकूंनी मन घट्ट केलं आणि स्वतःपुरती शाल विणायला तो उसवला. संध्याकाळपर्यंत मांडीवर लोकरीचा गुबगुबीत गुंडा तयार.

"एक धागासुद्धा वाया घालवला नाहीत हो," शेजारीण कौतुकाने म्हणाली.

"सगळी लोकर इथंच आहे. मग स्वेटर गेला कुठं?"

शेजारीण हसली. "अहो, तुम्हीच तर उसवलात. आता लोकर धुऊन घ्या, म्हणजे तिच्यातली जुनी वळणं जातील."

काकू हसल्या नाहीत. दवाखान्यात नवऱ्याच्या पलंगाजवळ उभं राहून त्यांनी डॉक्टरांनाही असंच काहीसं विचारलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी नुसती चादर त्याच्या चेहऱ्यावर ओढली होती.

शेजारीण गेल्यावर काकूंनी लोकर न धुताच सुया घेतल्या आणि टाके घालायला सुरुवात केली. शालीचे नाही, नवऱ्याच्या छातीच्या मापाचे.