समजणारं बायबल

"आधी जुनं वाच, मग सोपं," पाळकसाहेब म्हणाले. "उतारा तोच. मग मंडळी हात वर करून फैसला करील."

अंजू उभी राहिली. एका हातात काळ्या पुठ्ठ्याचं जुनं बायबल, दुसऱ्या हातात निळं, नवीन. मुखेडच्या त्या लहानशा चर्चमध्ये गुरुवारच्या अभ्यासाला कोणतं भाषांतर घ्यायचं, यावर दिवाळीपासून भांडण पेटलं होतं. आत्मिक वाढ व्हावी म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. उतारा निवडायचं काम पाळकसाहेबांनी अंजूवर सोपवलं. पोरगी बी.एड. झालेली, नीट निवडेल असं त्यांना वाटलं.

पोरीनं फारच नीट निवडला होता.

पुढच्या बाकावर हणमंतराव बसले होते. अंजूचे सख्खे चुलते, चर्चचे पंच. अगदी मागं, दाराशी ग्यानोबा. अंजूचा बाप. अंजू चौथीत होती तेव्हापासून या दोघा भावांचं बोलणं बंद. कारण एक बांध, तोही हातभर रुंद. ह्यानं सरकवला असं तो म्हणायचा, त्यानं सरकवला असं हा. प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळ्यांत फिरायचा, तो हणमंतरावांपासून सुरू व्हायचा आणि ग्यानोबापाशी संपायचा, मध्ये अख्खी मंडळी घालून. एका प्याल्यातली एकी म्हणतात ती हीच.

पंधरा दिवसांनी अंजूचं लग्न होतं. मुलगा रेणापूरचा. पत्रिका छापून आल्या, त्यात मोठ्या बाबांचं, म्हणजे हणमंतरावांचं, नाव नव्हतं. "त्याचं घालायचं असंल तर माझं काढ," बापानं बजावलं होतं. अंजूला खांद्यावर बसवून मुखेडचा बाजार दाखवला होता तो मोठ्या बाबांनी. तो माणूस मांडवात असावा, एवढंच तिला हवं होतं. भाषांतर कोणतंही येवो.

आज हंगामाचं दान होतं. वेदीपुढं पोती लागली होती. हणमंतरावांचं पोतं सगळ्यांत पुढं. तुरीचं. त्यावर निळ्या रंगानं ठसठशीत नाव, म्हणजे देवाचा घोटाळा नको. तूर त्याच बांधावरची. शेजारी ग्यानोबाचं पोतं. त्यातही तूर, त्याच बांधाची, पलीकडच्या अंगाची. दोन्ही पोती एकमेकांना टेकून उभी होती. पोत्यांचं काही भांडण नव्हतं.

अंजूनं जुनं वाचलं. वाक्य वेदीपाशी सुरू झालं, तीन वळणं घेऊन कुठंतरी गेलं आणि परत आलं तेव्हा निम्म्या बायका पदराआड जांभया देत होत्या. हणमंतरावांनी डोळे मिटून मान डोलावली. "व्वा! काय भारदस्त हाय!" मागं ग्यानोबाची मानही त्याच तालावर डोलत होती. दोघांना हा उतारा तोंडपाठ. लहानपणी एकाच तरटावर बसून घोकलेला.

मग तिनं निळं उघडलं.

"देवाला द्यायला काही आणलंस, आणि तिथंच आठवलं की भावाचं आपल्याशी बिनसलंय, तर ते तिथंच ठेव. आधी जा. भावाशी मिटव. मग ये आणि दे."

बायकांच्या जांभया अर्ध्यावरच थांबल्या.

"आगं बया," बायकांच्या बाकावरची पार्वतम्मा मोठ्यानं बोलून गेली, "मंग ही पोती?" आणि तिनं जीभ चावली. सगळ्यांचे डोळे पोत्यांवर गेले. नाव लांबूनही वाचता येत होतं.

"समजलं का, मोठे बाबा?" अंजूनं विचारलं. "का परत वाचू?"

हणमंतराव उठले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे भाषांतर चुकीचं हाय."

"कुठं चुकलं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"कुठं म्हंजे? देवाचं वचन इतकं सोपं असतंय व्हय? रस्त्यानं जाणाऱ्याला बी समजाया लागलं! वचनाला काही आब हाय का न्हाई?"

मतं झाली. सोप्यासाठी अंजूचा एकटीचा हात. बाकी कुणाचा जावेशी अबोला होता, कुणाचा मेव्हण्याशी, कुणाचा सामाईक विहिरीवरून. समजणारं बायबल कुणालाच परवडणारं नव्हतं. जुन्यासाठी विचारलं तसे हातांचं रान उगवलं. अंजूनं दाराकडं पाहिलं. सगळ्यांत उंच हात तिच्या बापाचा होता. तिनं मान खाली घातली.

"दादा बरोबर बोलाया लागलाय," ग्यानोबा भरल्या चर्चमध्ये म्हणाला. "असलं बायबल पोरांच्या हातात दिलं तर घरं राहतील का?"

हणमंतराव गर्रकन वळले.

"तेच म्हणाया लागलोय ना मी, ग्यानबा! कुणी ऐकंल तर शपथ."

"आपल्या वेळचं बायबल ते बायबल."

"लई बेज्जती केली रं पोरीनं."

"तुझ्याच लाडानं बिघडली ती. खांद्यावर कोण घेऊन फिरायचं?"

उपासना संपली तरी दोघं थांबेनात. नव्या भाषांतराला शिव्या घालत, एकमेकांना टाळ्या देत, ते बाकांमधून दाराकडं निघाले. उंबऱ्यावर हणमंतराव अडखळले.

"लग्न कव्हाचं हाय पोरीचं?"

"कव्हाचं म्हंजे? तुझ्याबिगर लागतंय व्हय?"

हणमंतरावांनी भावाच्या खांद्यावर हात टाकला, मागं वळले आणि ओरडले, "अंजे, ते निळं कपाटात टाक! कुणाच्या काही कामाचं न्हाई ते."